शांप्लँचा ऑटावा नदीमार्ग आणि त्यावरील स्मृतिचिन्हे

साम्यूएल द शांप्लँ (सु. १५७०–२५ डिसेंबर १६३५) या फ्रेंच समन्वेषकाने १६१३ च्या मे व जून महिन्यांत कॅनडातील ऑटावा नदीतून वरच्या अंगाला केलेल्या सफरीचा मार्ग. माँट्रिऑलजवळील सेंट हेलेन बेटापासून सध्याच्या पेंब्रुक शहरानजीकच्या मॉरिसन बेटापर्यंतचा हा प्रवास जाऊन-येऊन अवघ्या तीन आठवड्यांचा होता. ज्या उद्दिष्टासाठी तो योजिला होता, ते साधले नाही. तथापि ऑटावा खोऱ्याच्या मधल्या भागाचे पहिले सविस्तर लिखित वर्णन या सफरीतून मिळाले. पुढे तीन शतकांनंतर या वाटेवर पुतळे, दगडी चौथरे आणि धातूचे फलक यांची एक मालिकाच उभी राहिली. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध स्थान म्हणजे आँटॅरिओ प्रांतातील कॉब्डन गावाजवळचे ॲस्ट्रोलेब सरोवर. तेथे १८६७ मध्ये सापडलेल्या एका पितळी उपकरणामुळे शांप्लँच्या वाटेवरील निदान एक बिंदू पक्का झाला, असे दीर्घकाळ मानले जात होते. तो खरोखरच पक्का आहे काय आणि ज्यांच्या संमतीवाचून ही सफर पुढे सरकू शकत नव्हती, त्या अल्गाँक्विन लोकांना या स्मृतिचिन्हांत कोणते स्थान मिळाले, या दोन प्रश्नांमुळे हा मार्ग इतिहासाच्या अभ्यासकांना आजही खुणावतो.

ऑटावा नदीची लांबी सु. १,२७१ किमी. असून तिच्या खालच्या टप्प्यात ती क्विबेक व आँटॅरिओ या दोन प्रांतांची सीमा बनते आणि माँट्रिऑलजवळ सेंट लॉरेन्सला मिळते. अल्गाँक्विन भाषेत तिला ‘किची सीबी’ म्हणजे मोठी नदी असे नाव आहे. तिच्या पात्रात द्रुतवाह व धबधबे ठिकठिकाणी आहेत. अशा जागी होड्या काठावर ओढून, सामान उतरवून, दोन्ही खांद्यावर घेऊन पलीकडच्या शांत पाण्यापर्यंत चालत जावे लागे. भूर्जाच्या सालीची हलकी होडी दोघा-तिघांना सहज उचलता येते, म्हणूनच हा जलमार्ग शक्य झाला. युरोपीय बांधणीच्या जड नावेला येथे काहीच उपयोग नव्हता. ऑटावा, तिची उपनदी मॅटवा, निपिसिंग सरोवर आणि फ्रेंच नदी अशा क्रमाने ह्यूरन सरोवर गाठणारी ही वाट युरोपीय येण्याच्या कित्येक शतके आधीपासून व्यापाराची होती. मॉरिसन बेटावर १९६० च्या दशकातील उत्खननांत सु. पाच हजार वर्षांपूर्वीची तांब्याची हत्यारे आढळली आहेत. शांप्लँने ‘शोधलेला’ मार्ग असा शब्दप्रयोग जुन्या ग्रंथांत सर्रास आढळतो. तो या संदर्भात फारसा योग्य म्हणता येत नाही.

शांप्लँने १६०८ मध्ये क्विबेक येथे वसाहत स्थापन केली. तिचा आर्थिक पाया बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार हा होता. कातडी आतल्या मुलखातून आणणारे लोक अल्गाँक्विन व ह्यूरन होते. इरोक्वॉय राष्ट्रसंघातील मोहॉक लोकांशी त्यांचे वैर होते आणि १६०९ मध्ये शांप्लँ स्वतः त्यांच्या बाजूने मोहॉकांविरुद्ध लढला होता. स्थानिक भाषा व वाटा शिकण्यासाठी तरुण फ्रेंचांना आदिवासींच्या वस्त्यांत हिवाळा काढावयास पाठविण्याचा उपक्रम त्याने सुरू केला होता. अशांपैकी नीकोला द व्हीन्यो हा १६११ मध्ये ऑटावा खोऱ्यात गेला. १६१२ मध्ये फ्रान्सला परतल्यावर त्याने सांगितले, की आपण नदीच्या उगमाकडून उत्तर समुद्रापर्यंत जाऊन आलो, सेंट लॉरेन्सवरील द्रुतवाहापासून तेथे जाऊन परतण्यास सतरा दिवस पुरतात आणि त्या किनाऱ्यावर एका इंग्रज जहाजाचे अवशेष आपण पाहिले. जहाजावरील ऐंशी माणसे मारली गेली असून एक इंग्रज मुलगा जिवंत आहे, अशीही पुस्ती त्याने जोडली.

ही हकीकत त्या वेळी अगदीच अविश्वसनीय वाटावी अशी नव्हती. हेन्री हडसन हा इंग्रज दर्यावर्दी १६१० मध्ये पुढे त्याचेच नाव पडलेल्या उपसागरात शिरला होता आणि १६११ च्या जूनमध्ये बंडखोर खलाशांनी त्याला मुलासह एका लहान नावेत सोडून दिले होते. हडसनच्या शोधांवर आधारलेला हेसेल खेरित्स याचा नकाशा १६१२ मध्ये नेदर्लंड्समध्ये छापला गेला आणि तो शांप्लँच्या पाहण्यात आला. चीनकडे जाणारा उत्तरेचा समुद्रमार्ग सापडण्याची आशा फ्रेंच दरबारात जिवंत होती. व्हीन्योचे म्हणणे खरे ठरते, तर त्या समुद्राची दुसरी वाट फ्रान्सच्या हाती आली असती.

शांप्लँ २७ मे १६१३ रोजी सेंट हेलेन बेटावरून निघाला. बरोबर चार फ्रेंच (त्यांत व्हीन्यो होताच) आणि एक आदिवासी वाटाड्या, वाहने दोन होड्या. पहिल्याच आठवड्यात लाँग सॉल्ट नावाच्या द्रुतवाहात त्याच्यावर जिवावरचा प्रसंग ओढवला. काठ दाट झाडीचा असल्याने होडी पाण्यातूनच दोराने ओढावी लागत होती. तो दोर शांप्लँने हाताला गुंडाळला होता. होडी भोवऱ्यात सापडताच तो खडकांत पडला. दोन दगडांच्या बेचक्यात अडकल्यामुळे वाहून गेला नाही, पण दोराच्या फासाने हात जवळजवळ तुटण्याची वेळ आली. हा द्रुतवाह आज पाहावयास मिळत नाही. १९५९ ते १९६४ या काळात बांधलेल्या कॅरियाँ धरणाच्या जलाशयात तो बुडाला आहे. शांप्लँच्या मार्गावर हिंडणाऱ्या प्रवाशाने ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी, की नदी तीच असली तरी तिचे १६१३ मधील पाणी, पातळी व आवाज यांपैकी फारच थोडे शिल्लक आहे.

४ जून रोजी हा तांडा आजचे ऑटावा शहर ज्या ठिकाणी आहे तेथून गेला. उत्तरेकडून गातिनो नदी येऊन मिळते, दक्षिणेकडून रीदो नदी उंच कड्यावरून मुख्य पात्रात कोसळते. पाणी इतक्या जोराने पुढे फेकले जाते, की कडा आणि धार यांच्यामध्ये कमान तयार होते व आदिवासी तिच्याखालून न भिजता जातात, असे शांप्लँने लिहिले आहे. धबधब्याच्या पडद्यासारख्या रूपावरून फ्रेंचांनी या नदीला रीदो (पडदा) हे नाव दिले. थोडे वर शोद्येर धबधबा लागतो. अल्गाँक्विन लोक त्याला ‘अस्तिकू’ म्हणत. पाण्याने खडकात कोरलेल्या खोल डोहामुळे त्याला हंड्याची उपमा मिळाली व फ्रेंच नावाचाही अर्थ तोच आहे. येथील एका विधीचे वर्णन शांप्लँने परतीच्या प्रवासात केले. होड्या पार करून झाल्यावर सगळे एकत्र जमत. लाकडी ताटातून तंबाखू गोळा केली जाई, प्रत्येकजण थोडी घाली. ते ताट मध्यभागी ठेवून सर्वजण त्याभोवती गात व नाचत. मग एखादा प्रमुख भाषण करी: पूर्वजांपासून हा नैवेद्य चालत आला आहे, त्यामुळे शत्रूपासून रक्षण होते. शेवटी ती तंबाखू डोहात टाकून सर्वजण मोठ्याने आरोळी देत. शांप्लँला ही अंधश्रद्धा वाटली. परंतु शत्रू याच ठिकाणी दबा धरून बसत, हेही त्यानेच नोंदविले आहे. सामान खांद्यावर घेऊन लोक विखुरलेले असताना हल्ला करणे सोपे जाई. विधीमागचे भय अगदी खरे होते.

शोद्येरच्या वरच्या अंगास शा सरोवराच्या परिसरात एका बेटावर त्याने लाकडी क्रूस उभारून त्यावर फ्रान्सचे राजचिन्ह लावले. या मार्गावर एखाद्या युरोपीयाने मुद्दाम मागे ठेवलेली ही पहिली खूण होय. त्यानंतर मुख्य पात्रातील कठीण द्रुतवाह टाळण्यासाठी मंडळी नदी सोडून दक्षिणेकडील लहान लहान तळ्यांच्या वाटेने वळली. व्हीन्यो मूळ पात्रानेच जावे असे म्हणत होता. आदिवासी वाटाड्यांनी ते मानले नाही. हा टप्पा ७ जूनचा. वाऱ्याने उन्मळून पडलेल्या पाइन वृक्षांच्या राशीमधून कधी वरून, कधी खालून सरकत जावे लागले. शांप्लँने आपल्या स्वतःच्या ओझ्याची यादी दिली आहे: तोड्याच्या तीन बंदुका, तितकीच वल्ही, अंगावरचा झगा आणि काही किरकोळ वस्तू. इतरांची ओझी याहून जड होती. पण त्याच्या मते ओझ्यापेक्षा डासांचा त्रास अधिक होता. या वाटेच्या शेवटी मस्क्रॅट सरोवराच्या काठी निबाशी नावाच्या प्रमुखाची वस्ती लागली. फ्रेंच लोक आभाळातून पडले की काय, इतक्या खडतर वाटेने ते आलेच कसे, असे आश्चर्य त्याने व्यक्त केले व त्यांना पुढे जाण्यास साहाय्य केले.

निबाशीच्या मुलखापलीकडे आल्युमेत सरोवर व त्यातील बेटे होती. मॉरिसन बेटावर किचिसिपिरिनी म्हणजे ‘मोठ्या नदीचे लोक’ राहत. त्यांचा प्रमुख तेसुआ हा शांप्लँला १६०३ पासून ओळखत होता. जमीन रेताड असूनही ते बेटावर मका लावीत. अधिक चांगल्या जमिनीवर का जात नाही, असे विचारता त्यांनी उत्तर दिले, की येथील द्रुतवाह हीच आपली तटबंदी आहे. फ्रेंचांनी खाली सेंट लॉरेन्सवरील द्रुतवाहाजवळ किल्ला बांधला, तर आपण तेथे येऊन राहू. भौगोलिकदृष्ट्या हे बेट म्हणजे नदीची चावीच होती. वरून येणाऱ्या ह्यूरन व निपिसिंग व्यापाऱ्यांकडून किचिसिपिरिनी जकात घेत, हे पुढील काळातील जेझुइट वृत्तांतांवरून स्पष्ट होते.

या बेटावरील दफनभूमीचे शांप्लँने केलेले वर्णन त्याच्या संपूर्ण सफरवृत्तातील सर्वांत मोलाचा भाग म्हणावा लागेल. थडगी लाकडी असून सहा-सात फूट लांब, चार फूट रुंद होती. त्यांच्यावर एक मोठा उभा फळा रोवलेला असे आणि त्यावर मृत व्यक्तीचे रूप कोरलेले असे. पुरुषाचे थडगे असेल, तर ढाल, दांड्याला बसविलेली तलवार, गदा व धनुष्यबाण. प्रमुखाचे असेल, तर डोक्यावर पिसांचा तुरा. मुलाचे असेल, तर लहान धनुष्य. स्त्रीचे असेल, तर हंडा, मातीचे भांडे, लाकडी पळी आणि वल्हे. ती पिवळ्या व तांबड्या रंगाने रंगविलेली होती. महाराष्ट्रातील गावांच्या वेशीवर वीरगळ पाहिलेल्या वाचकास या कोरीव फळ्यांचे प्रयोजन वेगळे समजावून सांगावयास नको. स्त्रीच्या थडग्यावर पळीबरोबर वल्हेही असावे, हा तपशील विशेष लक्षणीय आहे. नदीवरच्या त्या समाजात होडी चालविणे हे स्त्रीचेही काम होते. ऑटावा खोऱ्यातील स्मृतिचिन्हांचा इतिहास खरे म्हणजे येथून सुरू व्हावयास हवा.

तेसुआने पाहुण्यांसाठी मेजवानी दिली. दगडांमध्ये भरडलेल्या मक्याची, मासे व मांसाचे तुकडे घातलेली अळणी पेज, भाजलेले मांस व मासे, आणि प्यावयास स्वच्छ पाणी. यजमान रिवाजाप्रमाणे स्वतः जेवला नाही, पाहुण्यांशी बोलत राहिला. जेवणानंतर अर्धा तास सर्वजण मुकाट्याने चिलीम ओढीत बसले. मग शांप्लँने मागणी मांडली: उत्तरेकडे निपिसिंग लोकांच्या मुलखात जाण्यासाठी चार होड्या व माणसे द्यावीत. तेसुआ व त्याचे सहकारी आढेवेढे घेऊ लागले. वाट कठीण आहे, निपिसिंग लोक जादूटोणा करणारे असून त्यांनी आमची अनेक माणसे मारली आहेत, आम्हाला तुमची काळजी वाटते, इत्यादी. प्रथम होकार देऊन मग तो मागे घेण्यात आला. शांप्लँने व्हीन्योचा दाखला दिला. हा तरुण तेथवर जाऊन आला आहे, त्याला काही झाले नाही, असे तो म्हणाला. यावर तेसुआ संतापला. व्हीन्यो आपल्याच घरी मुलांबरोबर रोज रात्री झोपत होता. तो उत्तरेस गेला असेल, तर झोपेतच गेला असेल, असे त्याने सर्वांसमक्ष सुनावले. अखेर व्हीन्योने गुडघे टेकून आपण खोटे बोललो अशी कबुली दिली.

येथे सफर संपली. निघण्यापूर्वी शांप्लँने पांढऱ्या सीडारचा एक क्रूस करून सरोवराच्या काठी उंच जागी रोवला, त्यावर फ्रान्सचे राजचिन्ह बसविले आणि तो जपण्याची आदिवासींना विनंती केली. १० जून रोजी तो परत फिरला. व्यापारासाठी खाली निघालेल्या होड्यांचा मोठा ताफा त्याच्याबरोबर होता. १७ जून रोजी तो सेंट लॉरेन्सवरील द्रुतवाहापाशी पोहोचला. व्हीन्योला बरोबर घेण्यास कोणताही आदिवासी गट तयार झाला नाही. शांप्लँने त्याला तेथेच सोडले आणि त्यानंतर त्याचे नाव इतिहासात पुन्हा येत नाही.

व्हीन्यो खरोखर खोटारडा होता काय, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी त्याला ठक ठरविले. परंतु ज्या तेसुआच्या साक्षीवर हा निकाल आधारलेला आहे, त्याचे हितसंबंध उघड होते. फ्रेंच थेट निपिसिंग लोकांपर्यंत व त्यांच्यापलीकडे पोहोचते, तर बेटावरील जकात व मध्यस्थी संपुष्टात आली असती. हडसन उपसागराच्या बाजूला जहाज व इंग्रज आले होते, ही बातमी आदिवासींच्या तोंडून खोऱ्यात पोहोचली असणे अगदी संभवनीय आहे. ऐकलेले पाहिले म्हणून सांगणे हा व्हीन्योचा अपराध असावा. सतरा दिवसांची त्याची गणना मात्र त्या अंतराला पुरत नाही. एवढे निश्चित, की त्या मेजवानीत निर्णय शांप्लँच्या हाती नव्हता. दोन होड्यांनिशी आलेल्या माणसाला पुढे जाऊ द्यावयाचे की नाही, हे बेटाच्या मालकांनी ठरविले. दोन वर्षांनी, १६१५ मध्ये, ह्यूरन मुलखात जाताना शांप्लँ याच नदीने निपिसिंगपर्यंत गेला, तोही आदिवासींच्याच संगतीने.

स्मृतिचिन्हांचा अर्वाचीन इतिहास १८६७ च्या ऑगस्टमध्ये सुरू होतो. कॉब्डनजवळील ग्रीन लेक नावाच्या तळ्याकाठी एडवर्ड ली हा चौदा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर झाडे तोडून जमीन साफ करीत असताना एका पडलेल्या झाडाखाली त्याला धातूची चकती मिळाली. मस्क्रॅट सरोवरावरील आगबोटीचा कप्तान चार्ल्स काउली याने ती दहा डॉलर देण्याचे कबूल करून घेतली. ते दहा डॉलर लीला कधीच मिळाले नाहीत आणि चकतीही त्याला पुन्हा दिसली नाही. ती काउलीकडून टोराँटोच्या कॅसल्स यांच्याकडे, १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल हॉफमन यांच्याकडे आणि त्यांच्या मृत्युपत्रान्वये १९४२ मध्ये न्यूयॉर्क येथील ऐतिहासिक संस्थेकडे गेली. कॅनडा सरकारने १९८९ मध्ये ती अडीच लाख डॉलरना विकत घेतली.

ही चकती म्हणजे नाविकांचा ॲस्ट्रोलेब. आपल्याकडे ज्या उपकरणाला यंत्रराज म्हणतात, त्याची ही समुद्रावर वापरण्याजोगी साधी आवृत्ती होय. वाऱ्याने हलू नये म्हणून ती जाड पितळेची, मधून पोकळ केलेली असते. वरच्या कडीने ती टांगून धरावयाची, मध्यावर फिरणारी पट्टी सूर्याच्या रोखाने वळवावयाची आणि पट्टीच्या दोन छिद्रांतून सूर्यकिरण सरळ जाऊ लागला, म्हणजे कडेवरील अंश वाचावयाचे. माध्यान्हीच्या सूर्याची उंची अशी मिळाली, की त्या दिवसाच्या क्रांतीचे कोष्टक पाहून अक्षांश काढता येतो. कॉब्डन येथील उपकरणाचा व्यास सु. १३ सेंमी. असून त्यावर १६०३ हे वर्ष कोरलेले आहे. कोणाचेही नाव वा आद्याक्षरे त्यावर नाहीत.

शांप्लँच्या नावाशी हे उपकरण जोडले गेले ते १८७९ मध्ये. त्या वर्षी ए. जे. रसेल यांनी कॅनडात आणि ओ. एच. मार्शल यांनी अमेरिकेत या विषयावर लेखन प्रसिद्ध केले. रसेल यांचा युक्तिवाद असा, की जागा ७ जूनच्या वाटेवर आहे, वर्ष जुळते, पडलेल्या झाडांतून वाट काढताना वस्तू हरवणे स्वाभाविक आहे आणि त्यानंतर शांप्लँच्या अक्षांशांच्या नोंदी ढोबळ होतात. आल्युमेत परिसरासाठी त्याने ४७° हा अक्षांश दिला आहे. वास्तविक तो ४६° पेक्षाही कमी आहे. हा सिद्धांत इतका आकर्षक होता, की अल्पावधीत तो पाठ्यपुस्तकांत शिरला आणि तळ्याचे नावही बदलून ॲस्ट्रोलेब सरोवर झाले.

त्यावरील आक्षेप तितकेच वजनदार आहेत. आपल्या ओझ्यातील वल्ह्यांची संख्यादेखील लिहून ठेवणारा शांप्लँ इतके महत्त्वाचे उपकरण हरवल्याचा उल्लेख कोठेच करीत नाही. त्या दिवसाआधीच्याही काही नोंदींत सु. एक अंशाची चूक आहे. तेव्हा चुकीवरून उपकरण गेल्याचे अनुमान काढता येत नाही. ॲस्ट्रोलेबबरोबर तांब्याची भांडी व चांदीचे पेले सापडल्याचे नंतर सांगण्यात आले. ते खरे मानले, तर त्या वस्तू शांप्लँच्या यादीत बसत नाहीत. एखाद्या जेझुइट मिशनऱ्याच्या किंवा व्यापाऱ्याच्या सामानात मात्र त्या सहज बसतील. १६१३ नंतर याच नदीखोऱ्यातून अनेक फ्रेंच गेले. तात्पर्य, हे उपकरण सतराव्या शतकातील प्रवासाचे अस्सल साक्षीदार आहे, पण ते शांप्लँचे होते हे सिद्ध झालेले नाही. ‘शांप्लँचा ॲस्ट्रोलेब’ हे नाव केवळ रूढीने टिकून आहे.

सफरीच्या त्रिशताब्दीनिमित्त ऑटावा शहरात नदीवरील नेपीअन पॉइंट या कड्यावर शांप्लँचा ब्राँझचा पुतळा बसविण्यात आला. शिल्पकार हॅमिल्टन मॅकार्थी, अनावरण १९१५. उंचावलेल्या हातात ॲस्ट्रोलेब आहे, परंतु तो उलटा धरलेला आहे. अशा रीतीने त्यातून सूर्याची उंची मोजता येणार नाही, हे नौकानयनाची थोडी माहिती असलेल्याच्याही लक्षात येते. काही वर्षांनी पुतळ्याच्या पायथ्याशी गुडघा टेकून बसलेल्या एका आदिवासी वाटाड्याची आकृती बसविली गेली. ती मूळ कल्पनेनुसार होडीत बसवावयाची होती, पण पैसा अपुरा पडला, असे सांगतात. परिणाम असा झाला, की वर उभा असलेला नाव-गाव असलेला युरोपीय आणि खाली वाकलेला निनावी आदिवासी असे चित्र राजधानीच्या माथ्यावर कायम झाले. १६१३ च्या वृत्तांताशी ते मुळीच जुळत नाही. त्यात तेसुआ व निबाशी ही नावे आहेत, त्यांची भाषणे आहेत आणि नकार देण्याचा त्यांचा अधिकारही आहे. १९९६ मध्ये असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स या संघटनेने तिचे तत्कालीन राष्ट्रीय प्रमुख ओव्हिड मर्क्रेडी यांच्या नेतृत्वाखाली या मांडणीचा निषेध केला. १९९९ मध्ये वाटाड्याची आकृती तेथून काढून जवळच्या मेजर्स हिल पार्कमध्ये स्वतंत्रपणे बसविण्यात आली. नेपीअन पॉइंटचे नावही पुढे बदलले असून आता त्याला कीवेकी पॉइंट असे अल्गाँक्विन नाव आहे. त्याचा अर्थ स्वतःच्या भूमीकडे परतणे असा होतो.

खोऱ्यातील इतर फलक दोन व्यवस्थांतून आले. राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांविषयी शिफारस करणारे मंडळ कॅनडात १९१९ मध्ये स्थापन झाले, तर आँटॅरिओ प्रांताने आपल्या फलकांची योजना १९५६ मध्ये सुरू केली. अशा फलकावर जागा थोडी असते. वर्ष, नाव, दिशा आणि ‘येथून गेला’ एवढे सांगून तो थांबतो. कॉब्डन हे ऑटावाच्या वायव्येस सु. १०० किमी. वर महामार्ग क्र. १७ वर वसलेले आहे. रस्त्यालगतचे चिन्ह पाहून प्रवासी पाच मिनिटांत पुढे जाऊ शकतो. परंतु थोडे थांबून भूमीकडे पाहिले, तर अधिक कळते. लहान तळ्यांची ओळ, त्यांमधील खडकाळ उंचवटे आणि मस्क्रॅट सरोवराचे लांबट पाणी पाहताच वाटाड्यांनी मुख्य पात्र का सोडले, ते नकाशावाचून उमगते. ॲस्ट्रोलेब कोणाचाही असो, ही वाट त्यांनी निवडली होती, एवढे भूगोलच सांगतो. पेंब्रुक येथे शांप्लँच्या मार्गाचे नाव धारण करणारे एक स्थानिक संग्रहालय आहे. तेथून मॉरिसन बेट जवळ आहे.

बेटावरील कोरीव थडगी आणि सीडारचा क्रूस या दोहोंपैकी आज काहीच उरलेले नाही. किचिसिपिरिनी लोकही देवीची साथ व सतराव्या शतकाच्या मध्यास झालेली इरोक्वॉय युद्धे यांमुळे विखुरले गेले. अल्गाँक्विन समाज मात्र नदीच्या दोन्ही काठांवर टिकून राहिला. ऑटावा खोऱ्याची भूमी त्यांनी कोणत्याही तहाने दिलेली नव्हती. सु. ३६,००० चौ. किमी. क्षेत्रावरील त्यांच्या दाव्याबाबत आँटॅरिओतील अल्गाँक्विन, कॅनडा सरकार व आँटॅरिओ सरकार यांच्यात १८ ऑक्टोबर २०१६ रोजी तत्त्वतः करार झाला. त्या क्षेत्रात कॅनडाच्या संसदेची टेकडीही येते. शोद्येर धबधब्याभोवती विसाव्या शतकाच्या आरंभी वर्तुळाकार बंधारा बांधण्यात आला व त्याचे पाणी वीजनिर्मितीकडे वळविले गेले; तंबाखूचा नैवेद्य ज्या डोहात पडत असे तो पूर्वीसारखा दिसत नाही, तरी अल्गाँक्विन लोकांच्या दृष्टीने त्या जागेचे पावित्र्य कायम आहे. ॲस्ट्रोलेब धबधब्यापासून थोड्याच अंतरावर, पलीकडच्या काठी गातिनो येथील कॅनेडियन इतिहास संग्रहालयात आहे.